लाखाची केबल की कोपऱ्यातली गादी? हाय-फायवर पैसे नेमके कुठे लावायचे

दर दोन-तीन महिन्यांनी ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. "दीड लाख बाजूला ठेवलेत. घरी गाणं ऐकायला सिस्टिम कोणती घेऊ?" मी उलट विचारतो, "खोली केवढी आहे, आणि ऐकता काय?" समोरचा जरा हिरमुसतो, कारण त्याला अ‍ॅम्प्लिफायरचं नाव हवं असतं. पण वीस-बावीस वर्षं सिस्टिम घेऊन, विकून, दुसऱ्यांच्या घरी लावून देऊन माझं मत पक्कं झालं आहे. आवाज घडतो स्पीकरमध्ये आणि खोलीत. बाकीच्या पेट्या आणि तारा त्याला वाट करून देतात. ती वाट अडली नाही म्हणजे त्यांचं काम झालं. त्यापुढे त्यांच्यावर घातलेला पैसा कानापर्यंत पोचत नाही.

खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. डोळ्यांपुढे पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधली १० बाय १२ फुटांची खोली ठेवली आहे. त्यात दोन स्पीकर, आणि ऐकायला मुख्यतः ख्याल, नाट्यसंगीत, भावगीतं आणि जुनी सिनेगीतं.

पहिली पायरी: तुमच्या संग्रहात काय आहे ते बघा

अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. म्हणजे त्यांचं जे गाणं आपल्यापर्यंत आलं ते ७८ गतीच्या तबकड्यांवरचं, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. मायक्रोफोन लावून विजेवर ध्वनिमुद्रण करायला १९२५च्या सुमारास सुरुवात झाली. त्याआधी गायक भोंग्यासमोर गात, आणि खालच्या-वरच्या बऱ्याच कंप्रता (फ्रिक्वेन्सी) तबकडीवर उतरतच नसत. अशा तबकडीत अगदी वरच्या कंप्रतांना संगीत जवळजवळ नाहीच, तिथे खरखर आहे. ती २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सीडीपेक्षा कितीतरी बारकाईने आवाज साठवणाऱ्या फाइलमध्ये भरली तर खरखर अधिक अचूक साठवली जाईल, इतकंच. एफएम रेडिओची मर्यादासुद्धा १५ किलोहर्ट्झ आहे.

हे आधी लक्षात घ्यायचं कारण असं, की "अमुक इतक्या हजार हर्ट्झपर्यंत वाजतो" या जाहिरातीसाठी दिलेले पैसे अशा संग्रहाला काहीच परत देत नाहीत. जुन्या गाण्याला हवा मधल्या पट्टीत, म्हणजे गळा, हार्मोनियम आणि सारंगी जिथे राहतात तिथे, स्वच्छ वाजणारा स्पीकर. तुमच्याकडे नवी ध्वनिमुद्रणं, पखवाज किंवा अलीकडचं सिनेसंगीत जास्त असेल, तर खालच्या टोकाला पैसे लावण्यात अर्थ आहे. एका वहीत वीस आवडती ध्वनिमुद्रणं लिहून काढा. पुढची सगळी पारख याच वीसांवर करायची, दुकानदाराच्या डेमो ट्रॅकवर नाही.

दुसरी पायरी: खोली, आणि इथे घाई करू नका

आपल्या घरांत जमिनीवर व्हिट्रिफाइड टाइल्स, चारी भिंती सिमेंटच्या, वर काँक्रीटचा स्लॅब. खोलीच्या मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीमागून पत्रा थरथरल्यासारखा झणकार ऐकू आला, तर तोच झणकार प्रत्येक तानेवर बसणार आहे, मग अ‍ॅम्प कितीही किमतीचा असो.

खालच्या सुरांचं गणित वेगळं आहे, आणि ते कागदावर करता येतं. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागलं की त्या लांबीचा पहिला घुमणारा सूर मिळतो. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, तिथे ४७ हर्ट्झ. १० फुटांना ५६, आणि साडेनऊ फूट उंचीला ५९. शेवटचे दोन आकडे शेजारी-शेजारी पडले, म्हणजे ५५ ते ६० हर्ट्झच्या आसपास खोली अधिक जोराने घुमेल. पांढरी एकमधल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज ६५ हर्ट्झला असतो. डग्ग्याची घुमकही याच वस्तीत आहे. म्हणून काही घरांत डग्गा पेटीत कोंबल्यासारखा वाजतो आणि लोक त्याचा दोष स्पीकरला देतात.

करायचं काय? ३० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर इंटरनेटवर मोफत मिळतो. तो मध्यम आवाजात लावा आणि नेहमीच्या जागेवर बसा. कुठे एकदम फुगतो, कुठे नाहीसा होतो, ते वहीत लिहा. मग खुर्ची एक-दीड फूट पुढे घ्या आणि पुन्हा ऐका. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर खालचे सूर फुगणार. खोलीच्या अगदी मध्यावर बसलात तर तोच पहिला घुमणारा सूर जवळपास गायब होईल. या दोन्हींच्या मधे, मागच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर, बहुतेक घरांत चांगली जागा सापडते. स्पीकरही हलवून बघा. स्पीकरमागची भिंत त्याच्यापासून एक मीटरवर असेल तर तिच्यावरून परतणारा आवाज ८६ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला खाऊन टाकतो. अंतर बदललं की ही जागा बदलते. या सगळ्याला खर्च शून्य, एक रविवार मात्र जातो.

झणकारासाठी विकत काही आणण्याआधी घरातल्या कापसाच्या गाद्या काढा. खुर्चीवर बसा आणि कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथे गादी उभी करा. तसंच दुसऱ्या भिंतीला. जमिनीवर सतरंजी किंवा जाड गालिचा टाका. आता तेच गाणं लावा. गळा एक पाऊल पुढे आल्यासारखा वाटला, शब्दांची टोकं स्पष्ट झाली, की त्या जागी रॉकवूलच्या (दगडी लोकरीच्या) चार इंची पाट्या कापडात मढवून कायमच्या लावा. पुस्तकांनी भरलेलं कपाटही मदत करतं. पातळ पडदे वरचे सूर थोडे शोषतात, घुमणाऱ्या डग्ग्याला त्यांचा काहीच उपयोग नाही. अंडी ठेवायचे पुठ्ठे मात्र भिंतीला लावू नका, त्यांनी फारसं काही होत नाही.

तिसरी पायरी: स्पीकर, आणि अर्ध्याहून अधिक पैसे इथेच

कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि नंतर हार्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत ध्वनिशास्त्राचे संशोधक फ्लॉइड टूल यांनी वर्षानुवर्षं स्पीकर मोजले आणि पडद्याआड ठेवून लोकांना ऐकवले. त्यातून निघालेली गोष्ट खरेदीदाराच्या फार कामाची आहे. स्पीकर दिसत नसेल तेव्हा वेगवेगळ्या लोकांची पसंती बरीचशी जुळते, आणि ती अशा स्पीकरकडे जाते जो समोर सपाट वाजतो आणि बाजूंनाही तसाच गुळगुळीत वाजतो. १९९४ साली टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी ४० श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा उघड्यावर आणि एकदा पडद्याआड ऐकवले. उघड्यावर मोठ्या, देखण्या स्पीकरांचे गुण वाढले आणि छोट्या स्वस्त संचाचे उतरले. हे श्रोते त्याच कंपनीत काम करणारे होते, तरी त्यांना डोळ्यांनी फसवलं.

दुकानात जाताना ती वीसांची यादी न्या. त्यात एखादं मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येणारं, ध्वनिमुद्रण हवंच. दोन्ही स्पीकर सुरू असताना मोनो गळा बरोबर मधोमध, एका बिंदूतून यायला हवा. तो पसरला किंवा एका बाजूला झुकला, तर जोडी नीट जुळलेली नाही किंवा मांडणी चुकली आहे. मग एकच स्पीकर चालू ठेवून ऐका. दोष एका स्पीकरवर लवकर उघडे पडतात. जमलं तर दुकानदाराकडून दोन दिवस घरी मागा. दुकानाची खोली तुमच्याबरोबर घरी येत नाही.

कोकण, गोवा, मुंबईच्या वाचकांसाठी एक गोष्ट: वूफरच्या, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याच्या, कडेची झालर फोमची आहे की रबराची ते विचारा. दमट हवेत फोम दहा-पंधरा वर्षांत चुरा होतो. रबर बरंच जास्त टिकतं. जुने स्पीकर घेताना तर जाळी काढून ही झालर बोटाने अलगद दाबून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

महाग स्पीकर कधी खरंच जास्त देतो? तो जास्त खोल जातो, मोठ्या आवाजात फाटत नाही, आणि त्याची लाकडी पेटी स्वतः थरथरून गात नाही. हे फरक मोजता येतात आणि डोळे मिटूनही ऐकू येतात. पण १० बाय १२ च्या खोलीत भलामोठा उभा स्पीकर आणला, तर ज्या खोल बेससाठी पैसे मोजले तोच खोली घुमवायला लागेल. मी अशा दोन घरांत मोठे स्पीकर विकून छोटे आणि चांगले स्टँड घ्यायला लावले. दोन्ही घरांत आता गाणं जास्त लागतं.

चौथी पायरी: अ‍ॅम्प किती वॅटचा?

स्पीकरच्या माहितीपत्रकात संवेदनशीलता दिलेली असते. ८७ डेसिबल धरा, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर ८७. तुम्ही तीन मीटरवर बसलात तर थोडा आवाज कमी होतो, दुसरा स्पीकर आणि खोली थोडा परत देतात, एकूण ८२च्या आसपास पोचतो. घरात आपण सरासरी ७५ला ऐकतो, म्हणजे वॅटभरसुद्धा लागत नाही. तिहाईची थाप सरासरीच्या २० डेसिबल वर उसळली तर ९५ हवे. ८२पासून १३ डेसिबल वर: १० डेसिबलला दहापट आणि वरच्या ३ला दुप्पट, म्हणजे २० वॅट. त्यामुळे ५० वॅटचा नीट बांधलेला अ‍ॅम्प या खोलीला पुरून उरतो. १०० वॅटचा घेतलात तर फक्त ३ डेसिबल जास्त मिळतात. खोली मोठी असेल किंवा स्पीकर ८३-८४ डेसिबलचा असेल, तर मात्र हा हिशेब नव्याने मांडा.

अ‍ॅम्पमध्ये फरक नसतोच असं मी म्हणत नाही. काही व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्पचा अंतर्गत रोध जास्त असतो, त्यामुळे स्पीकरप्रमाणे आवाजाचा रंग बदलतो आणि तो ऐकू येतो. तो रंग आवडला तर खुशाल घ्या. पण दोन चांगले ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प, आवाज सारखा लावलेला आणि दोन्ही आपल्या ताकदीच्या आत, यांच्यात नुसत्या कानाने निवड करून दाखवणं फार अवघड आहे. तिथे पैसे द्यायचेच असतील तर जवळ दुरुस्ती मिळते का, रिमोट आहे का, हेडफोनची सोय आहे का, याला द्या.

पाचवी पायरी: डॅक, सीडी आणि हाय-रेझ

इथे थोडक्यात. डॅक म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा पुन्हा आवाजाचा विद्युत संकेत करणारा भाग, आणि हाय-रेझ म्हणजे सीडीपेक्षा बारकाईने साठवलेला आवाज. सीडी १९८२ साली बाजारात आली, १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ. माणसाच्या कानाची वरची हद्द २० किलोहर्ट्झ, आणि चाळिशीनंतर ती बरीच खाली आलेली असते. २००७ साली मेयर आणि मोरन यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग छापला. हाय-रेझ ध्वनीच्या वाटेत मधेच सीडीच्या दर्जाची कडी घालायची किंवा काढायची, आणि ऐकणाऱ्याने ओळखायचं. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवावं तितकीच. आज हजार-दोन हजारांच्या फोन-डॉंगलमधला डॅकसुद्धा कानाच्या पलीकडे स्वच्छ असू शकतो. डॅकवर पन्नास हजार घालायच्या आधी तेच पैसे स्पीकरला द्या.

सहावी पायरी: तारा

स्पीकरच्या तारेचं काम एकच, रोध कमी ठेवणं. अडीच स्क्वेअर एमएम तांब्याचा रोध मीटरला सात मिलिओहमच्या आसपास असतो. अ‍ॅम्पपासून स्पीकर चार मीटरवर असेल तर जाऊन-येऊन आठ मीटर, म्हणजे ०.०६ ओहमच्या आत. स्पीकरचा रोध चार ओहमपर्यंत उतरला तरी होणारी घट डेसिबलच्या दहाव्या भागाएवढी. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या गावातल्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात "अडीचची मल्टिस्ट्रँड, शुद्ध तांब्याची" मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार नको, तिचा रोध जास्त असतो. दोन्ही स्पीकरचं काम हजारभर रुपयांत होतं. टोकं नीट सोलून घट्ट बसवा, दमट गावात वर्षातून एकदा पुसून पुन्हा आवळा.

एचडीएमआय, यूएसबी, ऑप्टिकल, नेटवर्क: या तारांतून आकडे जातात. तार बिघडली तर आवाज तुटतो, कडकडतो किंवा बंद पडतो. तंबोऱ्याची आस थोडीशी कोरडी होणं, असा बिघाड तिला करता येत नाही.

पॉवर कॉर्डचं तर तुम्हीच बघा. वीज सबस्टेशनपासून ट्रान्सफॉर्मर, सोसायटीचा मीटर आणि भिंतीतली साधी वायर असा प्रवास करून येते, आणि अ‍ॅम्पमध्ये शिरल्यावर ती डीसी करून कपॅसिटरमध्ये साठवली जाते. शेवटच्या दीड मीटरने त्यात काय बदल करायचा? महागडे फ्यूज, तारेखाली ठेवायचे लाकडी ठोकळे, "ऑडिओ"चा शिक्का मारलेले नेटवर्क स्विच, यांनाही हेच लागू.

सातवी पायरी: पटत नसेल तर डोळे झाकून तपासा

हे मी अनुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी एका दुकानात मला पॉवर कॉर्ड ऐकवली गेली, आणि मला फरक स्पष्ट ऐकू आला. १८ हजार मोजून ती घरी आणली. पहिल्या रात्री तंबोरा खरोखर अधिक गोल वाटला, मी बायकोला उठवून ऐकवलं. महिन्याभराने भाचा सुट्टीला आला होता, इंजिनिअरिंगला होता. तो म्हणाला, "मामा, आपण मोजूया का?" अ‍ॅम्पच्या मागे चादर टांगली. प्रत्येक वेळी तो नाणं उडवायचा, कॉर्ड काढून तीच किंवा दुसरी लावायचा आणि वहीत लिहायचा. मी बाहेर थांबून मग आत यायचो. १६ वेळा ऐकलं, ७ बरोबर आली. प्रत्येक उत्तर देताना माझी खात्री होती, हे मला अजून आठवतं. मी खोटं बोलत नव्हतो, पहिल्या रात्रीही नाही. अपेक्षा असली की ऐकण्यातच फरक पडतो आणि तो आतून अगदी खरा वाटतो. म्हणून नुसतं "मला ऐकू आलं" याला मी आता पुरावा मानत नाही, स्वतःचंसुद्धा.

तुम्ही करताना तीन गोष्टी सांभाळा. पहिली, आवाज सारखा हवा, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला "जास्त मोकळा" वाटतो. १०० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजा. एकावर २.०० व्होल्ट असेल तर दुसऱ्यावर १.९८ ते २.०२च्या आत आणा. दुसरी, बदल करणाऱ्याने बदल नसतानाही तेवढाच वेळ घ्यायचा आणि तुमच्याशी बोलायचं नाही. तिसरी, किती वेळा ऐकायचं ते आधीच ठरवा. १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर आली, तर ते नुसत्या नशिबाने येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. तसं झालं तर फरक आहे, मग किंमत द्यायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. विक्रेत्याला आधीच सांगा की दहा दिवसांत परत करण्याची सोय हवी. नाही म्हणाला तर ती वस्तू तिथेच राहू द्या.

जोडीला घ्यावं असं काय आहे

बरंच आहे, आणि बहुतेक स्वस्त आहे. रेकॉर्ड प्लेअर असेल तर नवी सुई. हिऱ्याची सुईसुद्धा ५०० ते १००० तासांत झिजते, आणि झिजलेली सुई तबकडी कायमची खराब करते. आजोबांच्या ७८च्या तबकड्या असतील तर त्यांची सुई वेगळी घ्या. त्यांची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद असते, एलपीची सुई तिच्या तळाला जाऊन घाणीत घासत राहते. माझ्या मते एखाद्या मराठी घरात करता येईल असा हा सगळ्यांत मोलाचा अपग्रेड आहे.

आपल्याकडे विजेचं संरक्षण हवंच. चांगला सर्ज प्रोटेक्टर घ्या आणि पावसाळ्यात वीज कडाडू लागली की प्लग काढा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटरला तीन-चार व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. स्पीकरमधून घूं असा आवाज येत असेल तर आधी सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा, बऱ्याचदा दोष तिथून येतो. घूं बंद करायला अर्थची पिन कधीही तोडू नका, जिवाशी खेळ आहे.

शेवटी मोजणीचा मायक्रोफोन. रूम ईक्यू विझर्ड हे खोलीतला आवाज मोजणारं सॉफ्टवेअर मोफत आहे. मायक्रोफोन दोन-तीन मित्रांत मिळून घ्या, एकदाच लागतो. खोली कुठे घुमते ते आलेखावर दिसलं की इक्वलायझरने, म्हणजे ठरावीक सुरांचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, ते उंचवटे खाली आणता येतात. खड्डे मात्र इक्वलायझरने भरू नका, अ‍ॅम्पवर ताण येतो आणि खड्डा तसाच राहतो. तिथे खुर्ची किंवा स्पीकर हलवणं हाच उपाय.

महाग वस्तू सुंदर असते, जड असते, तिची बटणं हाताला छान लागतात. त्यासाठी कुणी पैसे दिले तर ते मला समजतं, चांगल्या घड्याळासाठीही आपण देतोच. फक्त विक्रेत्याने ते आवाजाच्या नावाने मागू नयेत, आणि आपण कर्ज काढून देऊ नयेत.

तर फोनवरच्या त्या दीड लाखाची विभागणी मी अशी सांगतो: ऐंशी ते नव्वद हजार स्पीकर आणि स्टँडला, तीस हजारांच्या आसपास अ‍ॅम्प, पंधरा हजार खोलीला, तीन-चार हजार डॅक, तारा आणि सर्ज प्रोटेक्टर. उरलेले दहा-वीस हजार बँकेत राहू द्या. दोन महिने काहीही न बदलता ऐका, त्या वीसांच्या यादीतलं रोज एक. तंबोरा लावून गवई बसल्यासारखा वाटतो की नाही, ते तेवढ्या काळात कळतं. नाही वाटला, तर मला पुन्हा फोन करा. आपण आधी खुर्ची हलवू.